आपल्या आमदाराची राजकीय कुंडली घरबसल्या कशी काढायची

चौकातल्या फ्लेक्सवर कार्यसम्राट, विकासपुरुष, सलग तीन टर्मचे लाडके आमदार वगैरे सगळं मोठ्या अक्षरात असतं पण साहेब कुठल्या सालात किती मतांनी पडले होते हे कुणी छापत नाही. आणि मला विचाराल तर बघायचं तेच असतं. आमदार किती वेळा जिंकला यापेक्षा तो कधी पडला, कुणाकडून पडला, काठावर कधी वाचला आणि त्यानंतर त्याने काय केलं यातून माणूस जास्त कळतो. हे सगळं सरकारी कागदात फुकट पडलेलं आहे, फक्त कुठे बघायचं आणि कसं वाचायचं ते माहीत पाहिजे. एखाद्या रविवारी बसलात तर बरंचसं होऊन जातं, उरलेलं माहिती अधिकाराच्या भरवशावर.

आधी एक एक्सेल शीट उघडा, नसेल जमत तर वही घ्या. रकाने असे ठेवा: साल, मतदारसंघ, पक्ष, चिन्ह, मिळालेली मतं, दोन नंबरला कोण आणि किती, तीन नंबरला कोण आणि किती, लीड, आणि शेवटी "हा आकडा कुठून घेतला" असा एक रकाना. शेवटचा रकाना लोक गाळतात आणि नंतर व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी पुरावा मागितला की गप्प बसायची वेळ येते.

पहिलं काम मतदारसंघाचं. आता महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ जागा आहेत, पण १९६२ ला २६४ होत्या, १९६७ आणि १९७२ ला २७०, आणि १९७८ पासून २८८. शिवाय २००८ ला मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि २००९ ची निवडणूक नव्या हद्दींवर झाली. म्हणजे नाव तेच असलं तरी २००४ चा मतदारसंघ आणि २००९ चा मतदारसंघ एकच असेल असं नाही, निम्मी गावं इकडची तिकडे झालेली असू शकतात. त्यामुळे "२००४ ला लीड चाळीस हजार होतं ते २००९ ला पाचावर आलं म्हणजे लोक नाराज" असला निष्कर्ष काढायची घाई करू नका. सोलापूर जिल्ह्यातच बघा, मोहोळ २००९ ला अनुसूचित जातींसाठी राखीव झाला त्यामुळे तिथून सलग निवडून येणारे राजन पाटील यांना स्वतःच्या मतदारसंघात उभंच राहता येईना, आणि मंगळवेढा पंढरपूरला जोडला गेल्यावर तिथले लक्ष्मणराव ढोबळे मोहोळमधून निवडून आले. यात कुणी पडलं नाही की कुणी पळालं नाही, नकाशा बदलला. मतदारसंघ बदललेला दिसला की आधी साल बघायचं, २००९ असेल तर पुनर्रचना तपासायची, दुसरं कुठलं साल असेल तर मग खरी गोष्ट शोधायला लागायचं.

आता आकडे. निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर प्रत्येक विधानसभा निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल असतो, अगदी जुन्या निवडणुकांपासूनचा. त्यात मतदारसंघनिहाय सगळे उमेदवार आणि त्यांची मतं मिळतात. जुन्या अहवालांत नावं इंग्रजीत आणि स्पेलिंगचा कारभार अगदीच वाऱ्यावर, एकाच माणसाचं नाव तीन निवडणुकांत तीन प्रकारे, कधी आडनाव आधी कधी वडिलांचं नाव गायब. त्यामुळे नावाने सर्च मारत बसू नका, मतदारसंघाचं पान उघडून डोळ्याने बघा.

आणि इथेच सगळ्यात मोठा खड्डा आहे, पोटनिवडणूक. सांख्यिकी अहवाल सार्वत्रिक निवडणुकीचा असतो, मधे झालेली पोटनिवडणूक त्यात नसते. उदाहरण घ्यायचं तर सांगोल्याचे गणपतराव देशमुख. शेतकरी कामगार पक्षाचे म्हणजे शेकापचे, अकरा वेळा आमदार, हे सगळ्यांना पाठ आहे. पण नुसते सार्वत्रिक निवडणुकांचे अहवाल काढून मोजलंत तर १९६२, १९६७, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४ असे दहाच भरतात. अकरावा कुठे गेला? तर १९७२ ला गणपतराव पडले होते आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, तो विजय अहवालाच्या बाहेर राहतो. म्हणून टर्म मोजताना मधली पोटनिवडणूक झाली होती का हे वेगळं तपासायचं. हल्लीचंच बघा ना, पुण्यात कसब्याला फेब्रुवारी २०२३ मध्ये पोटनिवडणूक झाली, रवींद्र धंगेकर जिंकले आणि २०२४ ला तिथेच हरले. २०१९ आणि २०२४ चे अहवाल शेजारी ठेवून बसलात तर ते आमदार होते हे कळणारसुद्धा नाही.

सांगोला हातात घेतलाच आहे तर पुढे वाचू, कारण हरण्याची गोष्ट इथे फार छान दिसते. १९९५ ला गणपतराव पडले, किती मतांनी, तर १९२. पाडलं शहाजीबापू पाटलांनी, तेव्हा काँग्रेसकडून. त्यानंतर बापूंना परत विधानसभेत यायला २०१९ उजाडलं, मधे चोवीस वर्षं गेली. २०१९ ला गणपतराव उभे नव्हते, त्यांचे नातू अनिकेत देशमुख उभे होते आणि बापू शिवसेनेकडून ७६८ मतांनी निवडून आले. दोन्ही विजयांचं लीड एकत्र केलं तरी ९६० होतं, हजारसुद्धा नाही. फ्लेक्सवर "दोन वेळचे आमदार" एवढंच येईल. पण वीस वर्षं बाहेर राहून, पक्ष बदलून, त्याच तालुक्यात पाय रोवून बसायचं आणि परत काठावर यायचं, ही चिकाटी टर्मच्या आकड्यात कुठे दिसते? (बापूंनी फोनवर सांगितलेली गुवाहाटीची झाडी आणि डोंगार सगळ्या महाराष्ट्राने ऐकलं पण १९९५ चे १९२ सांगोल्याबाहेर किती जणांना माहीत असतील देव जाणे.)

२०२४ ला बापू पडले, शेकापचे बाबासाहेब देशमुख, हे पण गणपतरावांचे नातूच, पंचवीस हजारांवर लीड घेऊन आले. इथे तीन नंबरचा रकाना कामाला येतो. बापू शिंदेंच्या शिवसेनेकडून होते आणि ठाकरेंच्या शिवसेनेने दीपक साळुंखे यांना उभं केलं होतं, त्यांनी पन्नास हजारांच्या घरात मतं घेतली. म्हणजे लीडच्या जवळपास दुप्पट मतं तिसऱ्याकडे. याचा अर्थ तिसरा नसता तर निकाल उलटला असता असा काढू नका हां, ती मतं सगळी एकाच बाजूला गेली असती असं कुणी सांगितलंय, पण लढत सरळ नव्हती एवढं नोंदवून ठेवा. तिसऱ्याची मतं लीडपेक्षा जास्त असली की शीटमधली ती ओळ पिवळी करायची, माझी तरी पद्धत अशीच आहे.

काठावरच्या निकालांची ओळ लाल करा. २०२४ ला साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी वाचले आणि मालेगाव मध्यला मुफ्ती इस्माईल १६२ मतांनी. असा आमदार पुढची पाच वर्षं प्रत्येक बूथ मोजत फिरतो. पन्नास हजारांच्या लीडवाल्याला ती गरज वाटत नाही, आणि मग कधीतरी आपटतो.

टक्केवारी काढताना एक लक्षात ठेवा. २०१३ नंतर नोटा (वरीलपैकी कुणीही नाही) आला, आयोगाच्या निकालाच्या पानावर टक्के नोटा धरून काढलेले असतात. पण डिपॉझिट वाचलं का हे बघताना नोटा धरत नाहीत, वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात. डिपॉझिट १०,००० रुपये, अनुसूचित जाती जमातीच्या उमेदवाराला ५,०००. तुम्ही कुठलीही एक पद्धत धरा पण सगळ्या सालांना तीच लावा. आणि नोटाचा आकडा टाकून देऊ नका. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये धीरज देशमुख जिंकले आणि दोन नंबरला नोटा होता, २७,५०० मतं. तिथे लाखाच्या वरचं लीड बघून नुसतं वाहवा म्हणण्यापेक्षा समोर कोण उभं होतं आणि मतदार कुणावर रागावला होता हे विचारायला हवं. २०२२ च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत पण तसंच, भाजपने अर्ज मागे घेतला आणि नोटा दोन नंबरला आला.

पक्षाचा रकाना २०२२ नंतर डोकं खातो. शिवसेना जून २०२२ ला फुटली, राष्ट्रवादी जुलै २०२३ ला. नाव आणि धनुष्यबाण फेब्रुवारी २०२३ मध्ये शिंदेंना गेलं, घड्याळ फेब्रुवारी २०२४ मध्ये अजितदादांना. त्यामुळे २०१९ ला धनुष्यबाणावर निवडून आलेला माणूस २०२४ ला ठाकरेंच्या मशालीवर दिसला तर त्याने पक्ष बदलला म्हणायचं की पक्षच त्याच्याखालून सरकला म्हणायचं हा वाद तुमच्या शीटमध्ये आणू नका. सरळ दोन रकाने करा, एकात चिन्ह आणि दुसऱ्यात तो कुठल्या नेत्यासोबत होता. जुन्या काळातही हे होतंच, काँग्रेस फुटून झालेले तुकडे, १९७८ चं पुलोद म्हणजे पुरोगामी लोकशाही दल, १९९९ ला राष्ट्रवादीचा जन्म. बंडखोरीची नोंद मात्र नीट करा. एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद) मिळाला नाही म्हणून अपक्ष उभा राहिलेला, जिंकून आलेला आणि महिन्याभरात परत त्याच पक्षाच्या सरकारला पाठिंबा दिलेला आमदार आपल्याकडे काही कमी नाहीत.

आता प्रतिज्ञापत्र

हा भाग निवांत वाचायचा. अर्जासोबत उमेदवार नमुना २६ मध्ये शपथपत्र देतो. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण. सुप्रीम कोर्टाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे हे सुरू झालं, त्यामुळे त्याआधीच्या निवडणुकांचं शोधत बसू नका. ताज्या निवडणुकांची आयोगाच्या प्रतिज्ञापत्र पोर्टलवर स्कॅन पीडीएफ मिळतात आणि जुन्यांसाठी एडीआर या निवडणूक सुधारणांवर काम करणाऱ्या संस्थेची मायनेता ही वेबसाइट सोपी पडते, २००४ पासूनचं त्यांनी टेबलमध्ये मांडून ठेवलंय. पण टेबल वाचून थांबू नका, मूळ पीडीएफ उघडाच, कारण मजा तळटिपांत असते.

मालमत्तेचा एकूण आकडा बघून "पाच वर्षांत तिप्पट" अशी बोंब सगळेच मारतात. जरा थांबा. आधी बघा जमीन वडिलोपार्जित आहे की स्वकष्टार्जित, तो रकाना वेगळा असतो. किंमत बाजारभावाने लिहितात, म्हणजे रिंगरोडचं आरक्षण पडलं की तीच सहा एकर जमीन काहीही न करता करोडोंची होते. ते वाढणं आणि पाच वर्षांत नवीन गट नंबर दिसणं यात फरक आहे. म्हणून २०१९ चं आणि २०२४ चं शेजारी शेजारी ठेवायचं आणि गट नंबर ताडायचे, कुठला नवीन आला, कुठला गायब झाला, खरेदीची तारीख काय. सातबारा ऑनलाइन बघता येतोच. शपथपत्रात स्वतः, जोडीदार, अविभक्त कुटुंब आणि अवलंबून असलेले एवढेच येतात. कमावता मुलगा, सून, भाऊ, मेव्हणा यात येत नाही. त्यामुळे साहेबांच्या नावावर फक्त एक जुनी जीप दिसली तर भारावून जाऊ नका, दारात उभ्या असलेल्या फॉर्च्युनर कुणाच्या नावावर आहेत ते या कागदात कळणारच नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मागच्या पाच वर्षांचं आयकर रिटर्नमधलं उत्पन्न पण लिहावं लागतं, म्हणजे २०१९ पासूनच्या शपथपत्रात ते मिळेल. उत्पन्न आणि नवीन खरेदी यांचा मेळ बसतो का एवढं बघायचं, बसत नसेल तर प्रश्नचिन्ह टाका, चोर म्हणून मोकळे होऊ नका.

गुन्ह्यांचा आकडा हा तर सगळ्यात फसवा. "सतरा गुन्हे दाखल" वाचून दचकायच्या आधी कलमं बघा. भारतीय दंड संहितेची १४३, १४९, १८८, मुंबई पोलीस कायद्याचं ३७ आणि १३५ ही मंडळी म्हणजे मोर्चा, रास्ता रोको, जमावबंदी. ३५३ म्हणजे सरकारी कामात अडथळा, ते आंदोलनातही लागतं आणि तलाठ्याची कॉलर धरली तरी लागतं, त्यामुळे प्रकरण काय होतं ते वाचावं लागतं. ३०२, ३०७, ३७६, ४२० म्हणजे खून, खुनाचा प्रयत्न, बलात्कार, फसवणूक, हे वेगळं पान. चेक बाउन्सचं १३८ पण बघा, माणूस देणी कशी देतो ते कळतं. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे नंबर बदलले, ३०२ चं १०३ झालं आणि ३०७ चं १०९, तेव्हा पुढच्या शपथपत्रांत दोन्ही प्रकारचे नंबर दिसतील. खटल्याचा नंबर दिलेला असतो तो ई कोर्टच्या साइटवर टाकला की शेवटची तारीख कधी झाली ते दिसतं. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की आमदारकी लगेच जाते, २०१३ च्या लिली थॉमस निकालानंतर अपील केलंय म्हणून सूट नाही. सावनेरचे सुनील केदार यांची डिसेंबर २०२३ मध्ये अशीच गेली, नागपूर जिल्हा बँक प्रकरणात पाच वर्षांची शिक्षा लागल्यावर.

गावनिहाय मतं पाहिजे असतील तर फॉर्म २० शोधा. हा अंतिम निकालाचा तक्ता, प्रत्येक केंद्रावर कुणाला किती पडली ते सगळं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या वेबसाइटवर मिळतो, बऱ्याचदा वाकडातिकडा स्कॅन. केंद्र क्रमांक दोन निवडणुकांत तोच राहत नाही, केंद्रं फुटतात, जोडली जातात, त्यामुळे नंबरावर न जाता केंद्राच्या नावावर आणि गावावर जा. टपाली मतं यात केंद्रनिहाय नसतात, शेवटी एकत्र असतात. हे काम किचकट आहे पण साहेबांचं स्वतःचं गाव, विरोधकाचं गाव आणि तालुक्याचं शहर एवढं तरी काढाच. स्वतःच्या गावात मागे असलेला आमदार सापडला की बाकीचा इतिहास गावातली म्हातारी माणसं आपोआप सांगतात.

खर्चाचा हिशोब निकालानंतर ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. मर्यादा ४० लाख, २०२२ पासून. जास्त वेळ घालवू नका यात, कागदावर जो तो मर्यादेच्या आत बसलेला असतो, गावात किती कंदुऱ्या झाल्या ते तुम्हाला माहीतच आहे.

निवडून आल्यावर काय केलं हे विधिमंडळाच्या वेबसाइटवर. सदस्यांचा संक्षिप्त परिचय असतो, तो आमदाराने स्वतः दिलेल्या माहितीवर असतो म्हणून साल आणि पदं पडताळून घ्या. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कार्यवाहीचे वृत्तांत हे सगळं शोधता येतं. अधिवेशनं तीन, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला. प्रश्न मोजताना दोन गोष्टी. मंत्री झालेला आमदार प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो, त्यामुळे त्याच्या नावापुढे शून्य दिसलं तर ते आळशीपण नाही. दुसरं म्हणजे एका प्रश्नावर पंधरा पंधरा आमदारांची नावं असतात, तो प्रश्न प्रत्येकाच्या खात्यावर जमा होतो. म्हणून आकडा सोडा, प्रश्न वाचा. आपल्या तालुक्यातल्या पाणी योजनेवर विचारलाय की दुसऱ्याच जिल्ह्यातल्या कुठल्या ठेकेदारावर, यात बरंच काही असतं. आणि एकच विषय टर्मभर लावून धरलाय का तेही बघा.

निधीचं मात्र वेबसाइटवर पुरेसं मिळत नाही, माहिती अधिकार टाका. आमदार स्थानिक विकास कार्यक्रमात वर्षाला ५ कोटी असतात आणि ते पैसे आमदाराच्या हातात येत नाहीत, तो कामं सुचवतो आणि जिल्हा नियोजन कार्यालयातून मंजुरी होते. अर्ज तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याला, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, १५० शब्दांच्या आत आणि विषय एकच. मागायचं काय तर अमुक वर्षात अमुक मतदारसंघात मंजूर झालेल्या कामांची यादी, गाव, रक्कम, काम करणारी यंत्रणा, पूर्ण झाल्याचा दाखला. "सविस्तर माहिती द्यावी" असं मोघम लिहिलं की मोघमच उत्तर येतं. ३० दिवसांत काही आलं नाही तर पहिलं अपील. फ्लेक्सवर ज्या रस्त्याचं श्रेय घेतलंय तो या यादीत नसेल तर लगेच खोटं ठरवू नका, २५१५ या ग्रामविकासाच्या लेखाशीर्षातून किंवा दुसऱ्या कुठल्या लेखाशीर्षातून आलेला असू शकतो, तेवढं विचारून घ्या. सभामंडप किती आणि शाळेच्या खोल्या किती हे मोजा, बाकी भाष्याची गरजच पडत नाही.

विधान परिषदेच्या आमदाराला ही शीट चालत नाही. तिथे ७८ जण, मुदत सहा वर्षं, ३० जणांना आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून, पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाचे सात सात आणि १२ राज्यपाल नेमतात. त्यांचं लीड वगैरे विसरा, कुणाच्या कोट्यातून आले ते लिहा. आणि विधानसभेला पडलेला नेता मागच्या दाराने परिषदेत आला असेल तर ती नोंद ठळक करा, पक्षात त्याचं वजन किती होतं ते तिथेच कळतं.

एक राहिलं, निवडणूक याचिका. निकालानंतर ४५ दिवसांत हायकोर्टात दाखल करावी लागते. साहेबांच्या विरोधात अशी याचिका होती का हे हायकोर्टाच्या साइटवर नावाने शोधा, काठावरच्या लाल ओळींसाठी तर नक्कीच.

आणि पुढच्या निवडणुकीत अर्ज भरायचे दिवस सुरू झाले की शपथपत्रं तेव्हाच डाउनलोड करून ठेवा, जिंकणाऱ्याचं एकट्याचं नको, पडणाऱ्यांचीही घ्या. फाइलच्या नावात साल, मतदारसंघाचा क्रमांक आणि उमेदवाराचं आडनाव टाका, नाहीतर पाच वर्षांनी "डॉक्युमेंट १७" मध्ये कोण आहे ते उघडून बघत बसाल.